बाईंचा लिनोचा डबा आणि माझा नवा संच

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर बाईंच्या अक्षरात यादी आहे: कोरण्या ५, रोलर १, काच १, फळी १, चमचा १. खाली दोनदा अधोरेखित केलेलं, ‘डावा हात मागे’. गेल्या वर्षभरात हा कागद मी शंभरेकदा वाचला असेन. एकदाच विसरले, त्याची खूण माझ्या तर्जनीवर आहे. ते पुढे सांगते.

लिनोकट म्हणजे लिनो नावाच्या मऊ थरावर चित्र कोरून त्याचा ठसा कागदावर छापणं. त्याचा पहिला संच कोणता घ्यावा, असं मला आता चार-पाच जणांनी विचारलंय आणि विचारणारे बहुतेक साठीच्या अलीकडचे-पलीकडचे आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते. माझ्याकडे दोन संच आहेत. एक बाईंचा, त्यांनी सोळा वर्षं वापरलेला, त्यांच्या माघारी माझ्याकडे आलेला. दुसरा मी विकत घेतलेला, खोक्यावर ‘सुरुवात करणाऱ्यांसाठी’ असं छापलेला. दोन्ही मी जवळजवळ दर शनिवारी वापरते. नव्या संचाच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्याच धाटणीचे संच बरेच जण विकतात आणि माझं म्हणणं त्या धाटणीबद्दल आहे.

पण आधी बाईंबद्दल सांगायला हवं. त्यांच्या डब्यात काय आहे आणि काय नाही, हे सगळं त्यांच्या शिकण्यातून ठरत गेलं.

बाईंनी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मी आठवी ते दहावी त्यांच्या वर्गात होते. निबंधाच्या वहीत त्या कधी ‘चूक’ लिहायच्या नाहीत. समासात लाल पेन्सिलीने ‘पुन्हा’ लिहायच्या, कधी एकदा, कधी तीनदा. निवृत्तीनंतर दोन महिन्यांच्या आत त्यांनी मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा साक्षरता वर्ग सुरू केला. येणाऱ्या बहुतेक बायका होत्या, दिवसभर काम करून थकून येणाऱ्या. भिंतीवर बाजारात मिळणारा मुळाक्षरांचा तक्ता लावला होता. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एका बाईने ‘ज’ पुढच्या जहाजाकडे बघून विचारलं, हे काय आहे? बाईंनी समजावून सांगितलं, पण त्या रात्री तो तक्ता काढून ठेवला. मला म्हणाल्या, “अगं, अक्षर नवं, चित्रही नवं. धरायचं कशाला तिने?”

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांची गोष्ट त्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितली. १९६३ साली ब्राझीलमधल्या आंजिकोस या गावात साधारण ३०० कामकरी माणसांना चाळीसेक तासांच्या वर्गांत लिहावाचायला शिकवलं गेलं. सुरुवात चित्रांपासून. फ्रांसिस्को ब्रेनांद या चित्रकाराने फ्रेरे यांच्या वर्गांसाठी माणसांच्या रोजच्या कामाची चित्रं काढून दिली होती. लोक आधी चित्राबद्दल बोलायचे, मग आपल्या कामाबद्दल, आणि त्या बोलण्यातला एखादा शब्द फळ्यावर यायचा. ‘तिजोलो’ म्हणजे वीट. तिचे तुकडे ति, जो, लो. मग एकेका तुकड्याची बाराखडी, त, ते, ति, तो, तु. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरेंना तुरुंगात टाकलं आणि मग त्यांना देश सोडावा लागला. हे सांगताना बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. ‘वीट म्हणायला शिकवल्याबद्दल तुरुंग’, एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या.

तर बाईंना वीट हवी होती. आणि घमेलं, शिलाईचं मशीन, हापसा. पंचवीस जणींसाठी पंचवीस प्रती. फोटोकॉपीत चित्र करडं आणि भुरकट यायचं, हाताने पंचवीसदा काढणं शक्य नव्हतं. कोणीतरी लिनो सुचवला. एकदा ठसा कोरला की हव्या तेवढ्या छापा, आणि काळं म्हणजे अगदी काळं. बाईंना तेव्हा एकोणसाठावं लागलेलं. चित्रकलेशी त्यांचा संबंध शाळेच्या फलकलेखनापुरता. त्यांनी एका चित्रकला शिक्षिकेकडे रविवारचा वर्ग लावला. ती शिक्षिका त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. त्या वर्गात बाई तिला ‘बाई’ म्हणायच्या. तिला फार अवघडायला व्हायचं, पण बाई ठाम होत्या: “इथे शिकवतेस तू. मग मी दुसरं काय म्हणू?”

आता सामानाकडे येते.

कोरण्यांपासून सुरू करते, कारण सगळं तिथेच ठरतं. बाईंच्या डब्यात पाच आहेत. दोन व्ही आकाराच्या, एक बारीक, एक रुंद. दोन यू आकाराच्या, मोकळी जागा साफ करायला. आणि एक सरळ पात्याची, कडा कापायला. प्रत्येकीला आपली लाकडी मूठ, पातं मुठीत पक्कं बसलेलं. सोळा वर्षांत एकही हललेली नाही. धार कमी झाली की चामड्याच्या पट्टीवर पॉलिशचा साबण लावून दहा-बारा वेळा मागे ओढायची, पातं पुन्हा कापायला लागतं. नव्या संचात मूठ एकच आहे, प्लॅस्टिकची, आणि सहा पाती. हवं ते पातं खोचायचं, पुढची चकती फिरवून आवळायचं. दुकानात हे सोयीचं वाटतं. तासभर काम केलं की चकती सैल पडते आणि पातं मुठीत किंचित वळतं. हे वळणं डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

माझ्या बाबतीत झालं ते असं. रुंद यू पात्याने कोपरा साफ करत होते. लिनो सरकू नये म्हणून डाव्या हाताने पुढून धरला होता. पातं वळलं, लिनोवरून सुटलं आणि थेट तर्जनीत. तीन टाके पडले. पात्याचा दोष होताच, पण डावा हात पुढे होता हा माझा दोष. शिवाय नव्या संचात फळी नव्हती. ही फळी म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. एका लाकडी पाटाला एका टोकाला खालून पट्टी, दुसऱ्या टोकाला वरून पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो, आणि दोन्ही हात पात्याच्या मागे राहतात. कोणताही सुतार अर्ध्या तासात करून देईल. सुरुवात करणाऱ्यांसाठी म्हणून विकलेल्या संचात शाईच्या दोन जास्तीच्या नळ्या आहेत, चमकीची पूड आहे, आणि ही फळी नाही, याचा मला अजून राग येतो. त्या खोक्यावर लहान मुलाचं चित्र आहे.

नव्या मुठीबद्दल एक चांगलं मात्र सांगितलं पाहिजे. ती जाड आहे, तळहातात भरून बसते. बोटांचे सांधे दुखणाऱ्यांना बारीक लाकडी मूठ धरवत नाही. बाईंनाही शेवटची तीन वर्षं धरवत नव्हती. त्यांनी पाचही मुठींवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, वरून दोऱ्याने बांधल्या. ती गाठ अजून तशीच आहे. तेव्हा ज्यांचे सांधे धरतात त्यांनी जाड मुठीच्या कोरण्या बघाव्यात, पण पातं कायमचं बसवलेलं असलेल्या. बदलती पाती नकोतच.

दुसरी गोष्ट लिनो. खरा लिनो म्हणजे जवसाचं तेल हवेत घट्ट होऊ देऊन त्यात बुचाचा भुगा आणि राळ मिसळून तागाच्या कापडावर थापलेला थर. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात तो जमिनीवर अंथरायला म्हणून काढला. छपाईला तो फार सोयीचा निघाला, कारण लाकडासारखे त्याला रेशे नसतात. पातं कुठल्याही दिशेला सारखंच चालतं. गोल काढायचा तर हात न फिरवता लिनो फिरवायचा, हे बाई प्रत्येकीला पहिल्या दिवशी दाखवायच्या.

थंडीत लिनो कडक होतो, आणि जुना झाला की आणखीच. तेव्हा त्यावर जोर लावला की पातं सुटतं. गरम करून घ्यावा. कोणी इस्त्री फिरवतात, कोणी गरम पाण्याची पिशवी ठेवतात. बाई सकाळी वर्तमानपत्र वाचताना त्या दिवशीचा लिनो खुर्चीवर उशीखाली घेऊन बसायच्या. अग्रलेख वाचून होईपर्यंत तो नरम झालेला असायचा.

नव्या संचातला लिनो हा लिनो नाहीच, रबरासारखा मऊ तुकडा आहे. कापायला सोपा, जोर लागत नाही, हात दुखत नाही. मोठे आकार, पानं, घरं, माणसांच्या आकृत्या यांना उत्तम. साक्षरता वर्गातल्या ज्या दोघी-तिघी सत्तरीच्या आहेत त्यांना मी तोच देते. पण बारीक रेषा रोलरखाली ताणली जाते, कडा तुटतात आणि अक्षरं वाकतात. अक्षर कोरायचं असेल तर खरा करडा लिनोच घ्यावा.

आणि अक्षरांबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय. देवनागरीतला ठसा कसा कोरायचा हे मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही, बाईंच्या वहीखेरीज.

ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, आरशात दिसतं तसं. बटर पेपरवर सुलटं लिहायचं, कागद पालथा करून लिनोवर ठेवायचा आणि मागून घासायचं, म्हणजे पेन्सिलीची रेघ उलटी उमटते. इथपर्यंत सगळे सांगतात. बाईंच्या वहीत त्यापुढचं आहे. शिरोरेषा ही कोरणाऱ्याची मैत्रीण आहे, असं त्यांनी लिहिलंय. सगळी अक्षरं एका दांडीला लटकलेली असतात, त्यामुळे भोवतालचा लिनो काढून टाकला तरी ती एकमेकांना धरून राहतात. एकटा पडतो तो अनुस्वार. त्याला कुणाचा आधार नाही. रोलर फिरवताना, ठसा पुसताना तो उडून जातो.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमचं सार्वजनिक वाचनालय बंद करायचं ठरलं होतं, तेव्हा मोर्च्यासाठी बाईंनी फलकाचा ठसा कोरला. ‘वाचनालय बंद करू नका.’ खाली एक खुर्ची, तिच्यावर उघडं पुस्तक, बसलेलं कुणी नाही. पाचव्या का सहाव्या प्रतीनंतर ‘बं’ वरचा अनुस्वार निखळला. ‘वाचनालय बद करू नका.’ रात्रीचे साडेनऊ झाले होते, नवा ठसा कोरायला वेळ नव्हता. बाईंनी एक पेन्सिल घेतली, तिच्या मागचं रबर शाईच्या काचेवर टेकवलं आणि कागदावर दाबलं. गोल, नेमका टिंब. “हे काम तुझं,” म्हणाल्या. १२० प्रतींवर मी एकेक अनुस्वार दिला. त्यातले काही थोडे डावीकडे सरकलेत. एक प्रत माझ्या टेबलासमोर आहे, तिचा टिंब जरा मोठा आहे, शाई जास्त झाली होती.

वेलांटीचा धडा मला नंतर मिळाला. साक्षरता वर्गाच्या पडद्यासाठी ‘शिकत राहू’ असा ठसा मी कोरत होते, माझा पहिलाच. उलटं उमटवल्यावर ‘शि’ ची वेलांटी उजवीकडे येते आणि तिचा बाक अक्षरावर डावीकडे झुकतो. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आरशात हुबेहूब दीर्घ वेलांटीसारखी दिसते. मला वाटलं, उमटवताना काहीतरी बिघडलं. मी ती पुसून डावीकडे काढली आणि कोरून टाकली. छाप घेतली तर ‘शीकत राहू’. ३४ वर्षं मराठी शिकवलेल्या बाईंसमोर. त्यांनी कागद उजेडात धरला, पाहिला, लाल पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘पुन्हा’. मग आपली वही उघडून एक पान दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या चाचणी छापा तिथे चिकटवलेल्या होत्या. त्यातल्या तिसऱ्या छापेवर ‘विट’ होतं. ‘वीट’ मधली दीर्घ त्यांनी ऱ्हस्व करून ठेवली होती, माझ्यासारखीच, उलट बाजूने. शेजारी त्यांनीच लाल पेन्सिलीने लिहिलेलं, ‘पुन्हा’. खाली तारीख आणि ‘वेलांटी आरशात बाजू बदलते’.

ती वही डब्याबरोबर माझ्याकडे आलीये. प्रत्येक ठशाचं एक पान आहे. कागद कोणता, शाई किती, चमचा किती वेळ फिरवला, काय बिघडलं. संचाचा भाग म्हणून बघायचं तर मी तिला सगळ्यांत वर ठेवीन. तुम्ही कोणताही संच घ्या, पण पहिल्या दिवसापासून अशी वही करा.

शाई आणि रोलरबद्दल थोडक्यात. रोलर बाईंचा रबराचा आहे, चार इंची, जड. नव्या संचातला फोमचा होता, त्याने शाईत बुडबुडे येतात, मी महिन्याभरात टाकून दिला. शाई दोन प्रकारची मिळते. पाण्यात मिसळणारी झटपट वाळते, हात साबणाने धुतले की स्वच्छ, वर्गात मुलं असतील तर हीच बरी. पण उन्हाळ्यात काचेवर पसरेपर्यंत वाळायला लागते, आणि वाळलेल्या छापेवर पाणी पडलं की ओघळते. वाचनालयाच्या मोर्च्यात नेमकी भुरभुर लागली. दहा मिनिटांत अर्ध्या फलकांवरची खुर्ची कागदभर वाहत गेली. माझे अनुस्वारही गेले. बाई ओघळलेला फलक तसाच वर धरून चालत राहिल्या. घरी आल्यावर वहीत लिहिलं, ‘बाहेरच्या कामाला तेलाची शाई. चार दिवस आधी छापणे.’ तेलाची शाई वाळायला तेवढे दिवस लागतात, कागद दोरीवर टांगून ठेवावे लागतात, पण मग पाणी तिला काही करत नाही. आता साबणाने धुता येणारी तेलाची शाईही मिळते. मी तीच वापरते आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

छपाईयंत्राची गरज नाही. पातळ कागद, ठशावर पालथा, आणि लाकडी चमच्याची पाठ गोल गोल फिरवायची. एका प्रतीला तीन-चार मिनिटं लागतात. चमच्याची पाठ वापरून वापरून इतकी गुळगुळीत झालीये की हातात घेतला की सोडवत नाही.

वाचनालय राहिलं. आठवड्यातून चार दिवस उघडतं, पूर्वी सहा दिवस उघडायचं. उरलेल्या दोन दिवसांसाठी बाई शेवटपर्यंत अर्ज करत होत्या, प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर ती रिकामी खुर्ची छापलेली.

झाकणाच्या यादीच्या खाली एक छोटं छापील चित्र आहे, कुठल्याशा मासिकातून कापलेलं. नंदलाल बोस यांचा लिनोकट, दांडीयात्रेतले गांधी. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, हातात काठी, पाऊल पुढे पडलेलं. १९३० सालचं. शांतिनिकेतनात कलाभवन सांभाळणारे नंदलाल त्याच वर्षी आलेल्या रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या बंगाली वाचनपुस्तकासाठीही लिनोकट करत होते. बाईंना हे फार महत्त्वाचं वाटायचं. वर्गात कुणी नवीन आलं की त्या चित्रावर बोट ठेवून सांगायच्या: हाच माणूस, हेच वर्ष, हाच लिनो. एका हाताने मुलाला अक्षर शिकवलं आणि त्याच हाताने सत्याग्रह छापला. त्या दोन कामांत बाईंना फरक दिसत नव्हता. साक्षरता वर्गासाठी हापसा कोरून झाला की त्याच दुपारी, त्याच शाईत फलक छापायला घ्यायच्या. काच दोनदा धुवायला नको, एवढंच कारण द्यायच्या.

वयाचं विचारणाऱ्यांसाठी जर्मन चित्रकर्त्या केथे कोलविट्झ यांचं सांगते, तेही मला बाईंकडूनच कळलेलं. १९१९ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये समाजवादी नेते कार्ल लीबक्नेख्त मारले गेले. त्यांच्या स्मरणाचं चित्र करायला कोलविट्झ बसल्या. धातूवर एचिंग करून पाहिलं, मग दगडावर लिथोग्राफ, मन भरेना. १९२० साली त्यांनी शिल्पकार एर्न्स्ट बारलाख यांचे लाकडी ठसे पाहिले आणि पन्नाशी उलटल्यावर, इतकं नाव झालेलं असताना, लाकूड कोरायला नव्याने शिकल्या. ते स्मरणचित्र मग लाकडी ठशात झालं. बाईंना एकसष्टाव्या वर्षी कोणीतरी म्हणालं, आता कशाला हे सगळं, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. हे चित्र दाखवलं.

बाई गेल्यावर शोकसभा झाली. भाषणं चांगली होती. मला मात्र बाई शाळेच्या व्हरांड्यात भेटल्या, जिथे साक्षरता वर्गातल्या बायकांनी आपापल्या वह्यांतून बाईंनी छापलेली चित्रं काढून सुतळीवर लावली होती. वीट, घमेलं, मशीन, हापसा. कडा मळलेल्या, काहींवर मुलांनी रंग भरलेले, एकीच्या ‘वीट’ खाली तिने स्वतःचं नाव दहा वेळा लिहिलेलं, पहिल्या नावापेक्षा दहावं बरंच सरळ.

डबा मला का दिला, ते बाईंच्या मुलाने सांगितलं. त्यांनी चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं, ‘अनुस्वारवालीला’.

तर माझा सल्ला असा. ‘सुरुवात करणाऱ्यांसाठी’ असा तयार संच घेऊ नका. त्याच खर्चात, फार तर थोड्या जास्त, सुटं सामान येतं. पक्क्या मुठीच्या तीन कोरण्या पुरेत, बारीक व्ही, रुंद यू आणि मधली एखादी. पाच लागत नाहीत. करडा लिनो, रबराचा रोलर, काचेचा जुना तुकडा कडा घासून, तेलाची काळी शाई एकच. रंग नंतर. फळी सुताराकडून. चामड्याची पट्टी जुन्या कमरपट्ट्याची चालते. तयार संच घेतलाच असेल तर टाकू नका. मऊ तुकडा आणि पाण्याची शाई शिकायला उपयोगी पडेल. फक्त मूठ बदला आणि फळी करून घ्या, आजच.

डब्याच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एक ठसा अर्धवट आहे. वर्गातल्या चार बायका पाटीवर वाकलेल्या. डावीकडच्या दोघी पूर्ण कोरलेल्या, पदराची किनारसुद्धा. उजवीकडच्या दोघी नुसत्या पेन्सिलीत. मी तो शनिवारी वर्गात नेला. एकीने म्हटलं, आपण पूर्ण करू. दुसरी म्हणाली, बाईंचा हात आपल्याला कसा येईल. बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी ठरलं की आहे तसा छापायचा आणि उजवीकडच्या दोघी प्रत्येकीने आपापल्या नव्या लिनोवर वेगळ्या कोरायच्या. एकोणीस जणींनी सुरुवात केली आहे.

छाप मी घेतली. न कोरलेला भाग सबंध काळा आला, पेन्सिलीची रेघ छापेत उमटत नाही. दोघी पाटीवर वाकलेल्या, आणि त्यांच्या शेजारी कागदभर काळं. इतकी शाई बसलेला कागद लवकर वाळत नाही. दोरीवर टांगून आज सहा दिवस झाले, बोट लावलं की अजून ठसा येतो.